बर्कली : फुकट की मोकळं?

कॅलिफोर्नियात पाहुणे म्हणून गेलात की तुमची टूर ठरलेली असते. गोल्डन गेट, गूगलच्या ऑफिसबाहेर फोटो आणि परतीच्या बॅगेत चॉकलेट्स! २०२२ मध्ये मी फ्रीमॉंटला चुलतभावाकडे गेले, तेव्हा माझीही हीच तयारी होती. पण दादा सॉफ्टवेअरवाला. म्हणाला, ‘‘ते सगळं होईल गं. आधी तुला आमचं पंढरपूर दाखवतो.’’

रिचमंडकडे जाणारी बार्ट पकडली आणि डाउनटाउन बर्कलीला उतरलो. दहा मिनिटं चाललं की युनिव्हर्सिटी सुरू. १९६४ मध्ये विद्यार्थ्यांनी बोलण्याच्या हक्कासाठी जिथं आंदोलन केलं, तो स्प्राउल प्लाझा. पुढे सॅदर गेट, मग उंच घंटाघर. आणि टेकडीच्या बाजूला अचानक एक अवाढव्य सिमेंटचा ठोकळा. इव्हान्स हॉल! एखाद्या सरकारी कचेरीलाही लाजवेल इतका रुक्ष. ‘‘हेच ते,’’ दादा म्हणाला. मी मनात म्हटलं, विठोबा कुठाय?

गोष्ट अशी. युनिक्स जन्मली १९६९ मध्ये, न्यू जर्सीच्या बेल लॅब्जमध्ये. बेल लॅब्ज एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची, आणि १९५६ च्या एका तडजोडीमुळे या कंपनीला कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरायला मनाई होती. म्हणून विद्यापीठांना युनिक्स स्वस्तात मिळायची, तीही सोर्स कोडसकट. १९७५ मध्ये युनिक्सचा एक जनक केन थॉम्प्सन वर्षभर शिकवायला बर्कलीत आला. त्याच वेळी बिल जॉय नावाचा विद्यार्थी तिथं दाखल झाला. पोरांनी कोड उघडला, दुरुस्त केला, भर घातली. १९७८ मध्ये जॉयने या सुधारणांच्या टेप्स वाटायला सुरुवात केली. नाव दिलं बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे बीएसडी. १९८३ च्या आवृत्तीत तर इंटरनेटची भाषाच आली, टीसीपी/आयपी!

पण मूळ कोड अजून टेलिफोन कंपनीचाच. मग कीथ बॉस्टिकने एक धाडस केलं. युनिक्सची शेकडो छोटी टूल्स पुन्हा कोरी लिहून काढायला जगभरातल्या प्रोग्रॅमर्सना हाक दिली. मोबदला? यादीत नाव. बस्स! लोकांनी लिहिलं. १९९१ मध्ये जवळजवळ पूर्ण सिस्टिम बाहेर आली. १९९२ मध्ये कोर्टकचेरी सुरू झाली, १९९४ मध्ये तडजोड. सुमारे अठरा हजार फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त तीन!

तोवर गाडी मात्र दुसऱ्याने गाठली होती. १९९१ मध्येच हेलसिंकीच्या लायनस टॉरवल्ड्सने लिनक्स सुरू केली. पुढे त्याने स्वतःच सांगितलं, की बीएसडीची पीसीवरची आवृत्ती तेव्हा हाताशी असती तर बहुधा आपण लिनक्स लिहिलीच नसती.

मग एवढ्या सिस्टिम्स कशाला, हा माझा भाबडा प्रश्न. दादाने पायऱ्यांवरच बैठक मारली. ‘‘एका वाड्यातून निघालेली भावंडं आहेत ही. प्रत्येकाचं ध्येय वेगळं.’’ १९९३ ची नेटबीएसडी म्हणते, कुठल्याही मशीनवर चालले पाहिजे. त्याच वर्षीची फ्रीबीएसडी म्हणते, साध्या पीसीवर चालेन, पण दणदणीत चालेन. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पोचवणारे सर्व्हर तिच्यावर चालतात. १९९५ मध्ये नेटबीएसडीतून भांडून बाहेर पडलेल्या थिओ डी राटने कॅनडातल्या कॅलगरीत ओपनबीएसडी सुरू केली. तिचा एकच हट्ट, सुरक्षा. जगभरचे इंजिनीअर्स दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायला वापरतात ते ओपनएसएसएच याच घरातलं.

खरं भांडण मात्र तत्त्वाचं आहे. १९८३ मध्ये एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्याच्या जीपीएल लायसन्सचं म्हणणं, कोड घ्या, बदला. पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत, तर सोर्ससकट द्या. लिनक्स या बाजूची. बर्कलीचं म्हणणं, घ्या, बदला, विका, कुलूप लावा. फक्त आमचं नाव पुसू नका. म्हणून अॅपलच्या मॅकमध्ये आणि सोनीच्या प्लेस्टेशन ४ मध्ये बीएसडीचा कोड आहे आणि आपल्याला पत्ताही नाही. इंग्रजीत दोघंही ‘फ्री’च. आपल्याकडे बरंय, फुकट वेगळं आणि मोकळं वेगळं. पण मोकळं कोण? कोड, की तो घेणारा माणूस? भांडण इथंच आहे.

‘‘पण फुकटात राबून त्या लोकांना मिळालं काय?’’ मी विचारलंच. महिनाअखेरीला पगाराचा एसएमएस बघणारी मी!

दादा जरा वेळ गप्प बसला. ‘‘अकरा वर्षं नोकरी करतोय. काय लिहिलं, हे आईलासुद्धा दाखवता येत नाही. सगळं कंपनीच्या कुलुपात. उद्या प्रॉडक्ट बंद पडलं की तेही गेलं.’’ मग त्याने मोबाइल काढला आणि फ्रीबीएसडीतली एक दुरुस्ती दाखवली. तीन ओळींची. बाजूला त्याचं नाव. ‘‘हे मात्र कुणीही बघू शकतं.’’

परतीच्या गाडीत मी ते पान काकूला पाठवलं. तिला त्यातलं काही कळलं नाही. पण नाव तिने दोनदा वाचलं म्हणे.