हिरवी बांधी, मोबाइलचा पडदा आणि आपले मन

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले होते. तुमसरातल्या आमच्या खोलीत आम्ही मोबाइल घेऊन जागे होतो. परराज्यातल्या एका गावात आपल्या समाजातील एका पोराला खांबाला बांधून मारत असल्याचा व्हिडिओ एका ग्रुपवर आला होता. आम्ही तो पाहिला. अर्ध्या तासाने तोच व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवर आला, तोही पाहिला. मग तसलेच आणखी चार. पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी अत्याचाराच्या एका प्रकरणातली आई अर्ज घेऊन आमच्याकडे आली. तिने एकच गोष्ट तीनदा विचारली आणि आम्ही तिच्यावर खेकसलो. ती काही बोलली नाही. कागद घडी करून पदरात घेतले आणि निघून गेली. रात्रभर ज्या अन्यायाच्या संतापाने आम्ही जळत होतो, तो संताप शेवटी कोणावर निघाला? अन्याय सोसणारीवरच. ही लाज अजून आमच्या मनातून गेलेली नाही.

त्यानंतर एका मित्राने सांगितले, झोपण्याआधी निसर्गाचे व्हिडिओ पाहत जा. नदी, जंगल, पाऊस. आम्ही हसलो. खैरलांजी आमच्या शेजारच्या मोहाडी तालुक्यातली. २९ सप्टेंबर २००६ ला ते हत्याकांड झाले तेव्हा आम्ही शाळेत होतो. ज्या जिल्ह्यात असे घडते तिथल्या कार्यकर्त्याने धबधबे पाहत बसायचे? ही पळवाट नाही का? तरी आम्ही पाहिले. खरे सांगायचे तर श्वास संथ झाला, आवळलेला जबडा सैल पडला, झोप लागली. मग समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून प्रश्न पडला की हे काय आहे आणि कोणाच्या कामाचे आहे?

अमेरिकेतील रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. पुढे स्वीडनमधील उप्साला येथे हृदयाचे ऑपरेशन झालेल्या रुग्णांसमोर चित्रे ठेवून पाहिले. पाणी आणि झाडांचे चित्र पाहणाऱ्यांची चिंता कमी होती. सरळ रेषांचे अमूर्त चित्र पाहणाऱ्यांची मात्र, समोर काहीच नसणाऱ्यांपेक्षाही जास्त होती.

याचा अर्थ अमूर्त चित्र वाईट असा नाही. वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये आपल्या नागपुरात जन्मले. बौद्ध परंपरेतील झेन विचाराची त्यांना ओढ होती. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, नुसता रंगाचा थर आणि शांतता. मोबाइलवर ती चित्रे पाहताना आम्हालाही बरे वाटले. पण त्यांचे एक चित्र २०१३ साली २३ कोटींहून अधिक किमतीला विकले गेले. तुमसरच्या पोराने मूळ चित्रासमोर दहा मिनिटे शांत उभे राहायचे म्हटले तर मुंबई-दिल्लीचे तिकीट काढावे लागते. मन शांत करणारी साधनेही समाजात सारखी वाटलेली नाहीत.

निसर्गाचेही तेच. एकदा आम्ही धानाच्या हिरव्यागार बांध्यांचा व्हिडिओ वस्तीतल्या एका मावशींना दाखवला. त्यांचे आयुष्य दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करण्यात गेले. त्या म्हणाल्या, "हे पाहून त माही कंबरच दुखते बा." शहरातल्या माणसाला जी हिरवळ शांत करते, तीच मावशींना चिखलात वाकून पऱ्हे रोवण्याचे दिवस आठवून देते. त्या अभ्यासांत हा प्रश्न विचारलेलाच नाही. जमीन कोणाची, मजुरी किती आणि वाकायचे कोणी, यावर हिरवा रंग कसा दिसेल हे ठरते.

आणखी एक उदाहरण विचार करायला लावते. अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या एका तुरुंगात एकांत कोठडीतील कैद्यांना निसर्गाचे व्हिडिओ दाखवले गेले. हे काम नलिनी नाडकर्णी या शास्त्रज्ञ बाईंचे. व्हिडिओ पाहणाऱ्या कैद्यांकडून हिंसक प्रकार २६ टक्क्यांनी कमी झाले. त्या कैद्यांना थोडा दिलासा मिळाला, हे चांगलेच झाले. पण कोठडी तशीच राहिली. खिडकी मागणाऱ्याच्या हाती पडदा देऊन त्याला गप्प करता येते, हेही यातून दिसते. आपल्या वस्तीला व्हिडिओ पुरे आहे असे उद्या कोणी म्हटले तर ते आम्हाला मान्य नाही.

बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो सत्याग्रह माणुसकीच्या हक्काचा होता आणि तो पाण्याच्या काठावर झाला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. पाणी, झाड, जमीन यांपासून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले, त्यांच्यासाठी निसर्ग हा हक्काचा प्रश्न आहे. आपल्याच जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनीला प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. नदीकाठची ती शांतता आपल्या वारशातली आहे, ती आपण कोणाकडून उसनी घेत नाही.

मग कार्यकर्त्याने काय करावे? आम्ही स्वतःला काही नियम घातले आहेत. अत्याचाराचा व्हिडिओ एकदाच पाहायचा, तोही दिवसा आणि कामासाठी: ठिकाण कोणते, गुन्हा नोंदला का, अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागली का. खात्री न करता पुढे पाठवायचा नाही. पीडिताच्या अपमानाची ती पुन्हा पुन्हा जाहिरातच होते. रात्री मन थरथरत असेल तर दहा मिनिटे नदीचा व्हिडिओ पाहायला हरकत नाही. पण त्याचीही चटक लागू द्यायची नाही. तथागतांनी वेदनेकडे पाहायला शिकवले, सुखद असो वा दुःखद, ती येते आणि जाते. पडद्यावरच्या नदीने मिळालेले सुखही जाणारच. त्यासाठी श्वासाकडे पाहण्याची सवय हवी. तिला रिचार्ज लागत नाही.

आणि मागण्याही हव्यात. अभ्यासिकेला मोठी खिडकी, विहाराच्या आवारात झाडे, वस्तीत बसण्यासारखी बाग, सरकारी दवाखान्याच्या वॉर्डातून दिसणारी हिरवळ. नगरपरिषदेला द्यायच्या निवेदनात रस्ता-नालीबरोबर हे मुद्दे आम्ही आता लिहितो.

काही दिवसांनी आम्ही त्या आईच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी आधी चहा ठेवला, मग तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला. आम्ही सावकाश उत्तर दिले. शांत मन कशासाठी हवे, याचे आमच्यापुरते उत्तर एवढेच आहे.

जय भीम.