बंद दारापुढची दोन वर्षे

मराठीच्या अभ्यासकाने ‘मिशनरी’ हा शब्द ऐकला की त्याच्यापुढे माणूस उभा राहत नाही, पुस्तक उभे राहते. फादर स्टीफन्स म्हटले की १६१६ साली छापलेले ‘क्रिस्तपुराण’ आठवते. अमेरिकन मराठी मिशन म्हटले की १८४२ साली सुरू झालेले ‘ज्ञानोदय’. आम्ही दोघेही गेली पंधरा-सोळा वर्षे महाविद्यालयात वाङ्मयाचा इतिहास शिकवतो, आणि तो असाच शिकवतो. त्यात अडचण एवढीच की इतिहासात ज्यांची नोंद होते ते बहुधा यशस्वी मिशनरी असतात. ज्यांच्या हाताला फारसे काही लागले नाही, त्यांच्या दिवसांचे काय?

हा प्रश्न आम्हांला पडला तो ह्यू फिंडले या स्कॉटिश माणसामुळे. हा मॉर्मन पंथाचा प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यास आला. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर टीका केली, इतर पंथांच्या पाद्र्यांनी विरोध केला, लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत त्याला मज्जाव केला. पुण्यात मोजक्या सदस्यांची एक शाखा कशीबशी उभी राहिली आणि १८५५ साली तो परत गेला. पुण्याच्या इतिहासात त्याला जागा नाही, आमच्या अभ्यासक्रमात तर नाहीच. त्याच सुमारास, जानेवारी १८५३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोहून तेरा मॉर्मन प्रचारक एका जहाजाने कलकत्त्याकडे निघाले. जहाजाचे नाव होते ‘मॉन्सून’. त्यांच्यापैकी चौघांना सयामला जायचे होते. प्रत्यक्षात पोहोचला एकच. शिवाय, ज्या अधिवेशनात त्यांची नेमणूक झाली त्याच ऑगस्ट १८५२ च्या अधिवेशनात पंथाने बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला होता. ती बातमीही समुद्र ओलांडून आली, आणि उरलीसुरली दारेही बंद झाली. ‘थैली किंवा झोळी न घेता’ निघण्याचा बायबलमधला आदेश ही माणसे अक्षरशः पाळत. म्हणजे ज्याने ऐकून घ्यायचे त्यानेच जेवू घालायचे. जो ऐकूनच घेत नाही, त्याच्या गावात उपास ठरलेला.

आजच्या मॉर्मन मिशनरीवर उपासाची पाळी येत नाही. त्याचे चढउतार निराळे आहेत. २०१२ पासून मुलगा अठराव्या वर्षी जाऊ शकतो; मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. पगार नाही, उलट खर्च स्वतःच्या बचतीतून वा घरच्यांच्या पैशातून करायचा. कुठे जायचे ते आपण निवडायचे नाही. पत्र येते आणि त्यात देशाचे नाव असते. घरची मंडळी भोवती जमतात, पत्र मोठ्याने वाचले जाते, आणि यूटामधल्या मुलाला कळते की आपली दोन वर्षे तैवानात जाणार आहेत किंवा पेरूमध्ये. मग प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे नवी भाषा शिकायची. छातीवर काळी नामपट्टी, त्यावर स्वतःचे पहिले नाव नाही, ‘एल्डर’ आणि आडनाव. जोडीदार नेमून दिलेला. त्याच्याशी पटो न पटो, झोप सोडली तर त्याला नजरेआड करायचे नाही. घरी फोन फक्त नाताळला आणि मातृदिनाला, असा नियम २०१९ पर्यंत होता. आता तो आठवड्यातून एकदा करता येतो.

ज्याने आईशिवाय कोणापुढे मन मोकळे केलेले नाही, अशा मुलाने परक्या भाषेत, परक्या दारात उभे राहून आत्म्याच्या उद्धाराविषयी बोलायचे, ही कल्पना एकाच वेळी हास्यास्पद आणि हृद्य आहे. दिवसाकाठी कित्येक दारे बंद होतात. काही सभ्यपणे, काही आपटून. आठवड्याच्या शेवटी किती जणांशी बोललो, किती पाठ दिले, किती जण बाप्तिस्म्याला तयार झाले, यांचे आकडे वर कळवायचे. श्रद्धेचे मोजमाप मांडायचे तर कोष्टक लागतेच, आणि कोष्टकातल्या शून्याला श्रद्धेची बाजू मांडता येत नाही. ज्याला हे झेपत नाही, मन खचते, प्रकृती ढासळते, तो मुदतीआधी घरी येतो. त्याचे घर त्याला जवळ करते, पण रविवारच्या प्रार्थनेला ‘इतक्या लवकर कसा आलास?’ हा प्रश्न न विचारताही ऐकू येतो.

अशा मुलांना धीर देण्यासाठी पंथात एक गोष्ट सांगतात. १८३० साली, पंथ स्थापन झाला त्याच वर्षी, संस्थापक जोसेफ स्मिथचा धाकटा भाऊ सॅम्युएल पाठीवर ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या प्रती घेऊन गावोगाव हिंडला. लोकांनी हाकलले, प्रती खपेनात, तो निराश होऊन परतला. पण त्याने दिलेली एक प्रत यंग नावाच्या कुटुंबात फिरत राहिली, आणि दोन वर्षांनी त्या घरातला ब्रिगॅम यंग पंथात आला. तोच पुढे समाजातल्या बहुसंख्यांना घेऊन यूटात गेला. गोष्ट सुंदर आहे. तरीही ती आम्हांला पुरत नाही. कारण तिचे सांत्वनही शेवटी फळाच्याच आधाराने उभे आहे: आज शून्य दिसते, उद्या हिशेब जुळेल. फिंडलेच्या पुण्यातल्या दिवसांचा हिशेब असा जुळला नाही. मग ते दिवस वाया गेले म्हणायचे का?

या प्रश्नाला आमच्याकडे एक घरगुती कारण आहे. बारावीचा निकाल लागला की आमच्या भागातल्या अनेक महाविद्यालयांतले प्राध्यापक हल्ली यादी घेऊन वाड्यावस्त्यांवर जातात. विशेष स्तरावर मराठीला विद्यार्थी नसतील तर कार्यभार कमी होतो, आणि कार्यभार नसेल तर माणूस अतिरिक्त ठरतो. आम्हीही जातो, जोडीनेच. ‘मराठी घेऊन पुढं काय?’ हा प्रश्न ओट्यावर बसलेला प्रत्येक बाप विचारतो. ‘बघू सर, कळवतो’ याचा अर्थ आम्हांला आता पाठ आहे. एका वस्तीवर एका माऊलीने आमचे सगळे बोलणे शांतपणे ऐकले, चहा दिला आणि विचारले, ‘शेवटची यष्टी किती वाजता?’ मराठी भाषेच्या भवितव्यापेक्षा लेक अंधार पडायच्या आत घरी येणे तिला महत्त्वाचे होते. तिथे आमच्यापाशी उत्तर नव्हते. वेळापत्रक होते, आणि ते तिच्या बाजूचे नव्हते. तेव्हापासून आम्ही वस्तीवर जाताना आधी यष्टीची वेळ विचारून घेतो.

ही तुलना फार ताणू नये. आम्हांला पगार मिळतो, आणि आम्ही कोणाचा देव बदलायला जात नाही. दार ठोठावणाऱ्याविषयी लिहिताना दाराआडच्या माणसालाही विसरता येत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांत त्या घराचे काय झाले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. कोष्टकात भरलेला एक आकडा एखाद्या घरातली सगळ्यांत काळी रात्र असू शकतो. म्हणून मिशनरीचे शून्य नेहमीच शोकाचे नसते. त्या शून्यात एक घर शाबूत राहिलेलेही असू शकते.

तरीही त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाविषयी आमच्या मनात आदर आहे. लोकांना बदलण्यासाठी निघालेला तो मुलगा दोन वर्षांत बहुधा स्वतःच बदलतो. आजारी म्हातारीची विचारपूस तिच्या भाषेत कशी करावी, नकार ऐकून ‘धन्यवाद’ कसे म्हणावे, न आवडणाऱ्या जोडीदाराबरोबर एका खोलीत कसे राहावे, हे तो शिकतो. यांतल्या कशालाही अहवालात रकाना नाही. परतल्यावर अनेक जण त्या देशाची भाषा जपतात. कोणी ती शिकवतात, कोणी तिच्यातून अनुवाद करतात. काही जणांचा पंथच पुढे सुटतो, पण भाषा सुटत नाही.

फिंडलेच्या कानांवर पुण्यात किती मराठी पडली असेल, याचा विचार आता वाङ्मयाच्या इतिहासाचा तास घेताना आमच्या मनात येतो. परीक्षेत त्यावर प्रश्न येणार नाही, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तरी या जूनपासून स्टीफन्सनंतर दोन मिनिटे आम्ही त्याचे नाव घेणार आहोत.