फेरफार

महसुली अभिलेखांच्या खोलीत ज्याची उणीपुरी एकतीस वर्षे गेली, त्याच्या मनात कागदाविषयी एक प्रकारची श्रद्धा आपोआप घर करते, आणि ती सर्वस्वी निराधार असते असेही नाही. कारण लाल रुमालात बांधलेली, कसरीने कडा कुरतडलेली, निजामाच्या अमलातील उर्दू आणि मोडी अक्षरांची ती दप्तरे सोडली, म्हणजे ज्यांची समाधी वा कबर आज शोधूनही सापडणार नाही अशा माणसांची नावे, त्यांच्या विहिरी, त्यांचे बांध आणि बांधांवरचे तंटे पुन्हा एकवार समोर येऊन उभे राहतात. आमच्या जालना जिल्ह्याला तर कागदावरील एका शब्दाचे सामर्थ्य मुद्दाम सांगावे लागत नाही. अंबड तालुक्यातील आंतरवाली सराटी येथे 2023 च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले, आणि पुढे न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने साऱ्या मराठवाड्यातील जुने रुमाल ‘कुणबी’ ह्या एका नोंदीसाठी सोडले गेले, तेव्हा मी सेवानिवृत्त असूनही दोघे परिचित आपापल्या पणजोबांच्या खासरा पत्रकांच्या नकला घेऊन माझ्या ओसरीवर आले होते. दिवंगत पणजोबांच्या नावापुढचा शब्द पणतूचे भवितव्य पालटू शकतो, हे ज्या जिल्ह्याने पाहिले, त्याच जिल्ह्यात माझा पुतण्या स्वतःच्या नावापुढचा एक शब्द बदलून घेण्यासाठी सव्वा वर्ष हिंडला.

त्याला आम्ही सर्वांनी मुलगी समजून वाढविले होते. आमची ती समजूत चुकीची होती, हे त्याने लहानपणापासून परोपरीने सांगितले होते, आणि आम्ही ऐकले नव्हते. एवढे येथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. आपल्या मराठीत लिंग नामापुरते मर्यादित राहत नाही, ते क्रियापदातही उतरते. त्यामुळे जो मनाने पुरुष आहे त्याला ‘मी आले, मी जेवले, मी शाळेत गेले’ असे दिवसातून शंभर वेळा स्वतःच्या तोंडाने स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी लागते. महाविद्यालयात असताना केव्हातरी तो घरात ‘आलो’ म्हणू लागला. त्याची आई प्रत्येक वेळी तो शब्द दुरुस्त करी, आणि तो प्रत्येक वेळी निमूटपणे ऐकून घेऊन पुन्हा ‘आलो’ म्हणे; असे वर्षभर चालले, आणि एके दिवशी तिने दुरुस्त करणे सोडून दिले. त्या घरातला पहिला फेरफार माझ्या मते त्या दिवशी मंजूर झाला.

शस्त्रक्रिया होऊन प्रकृती स्थिरावल्यावर तो कागदांचे एक पुडके घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, लोकांच्या नोंदी तुम्ही आयुष्यभर शोधून दिल्या. आता माझ्या सरळ करून द्या.” त्या पुडक्यात, शाळेच्या गुणपत्रिकांखाली, 2017 सालच्या वर्तमानपत्राचे एक कात्रण घडी पडून पिवळे झालेले होते. गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यातील, माजलगाव तालुक्यातल्या राजेगावच्या ललित साळवे यांची ती बातमी होती. 2010 साली महिला शिपाई म्हणून पोलिसांत भरती झालेल्या साळवे यांच्या शरीरतपासणीत वाय गुणसूत्र आढळले, शस्त्रक्रियेसाठी त्यांनी रजा मागितली, खात्याने ती प्रथम नाकारली, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत जाऊन अखेर शासनाची अनुमती मिळाल्यावर 2018 च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढे ते त्याच दलात पुरुष शिपाई म्हणून रुजू राहिले. दोघांची प्रकरणे शरीरशास्त्राच्या दृष्टीने सारखी नव्हती, परंतु शेजारच्या जिल्ह्यातील एका खाकी गणवेशातल्या माणसाच्या नावातील एक काना कमी होऊ शकतो, ह्या एका गोष्टीवर माझ्या पुतण्याने कित्येक वर्षे काढली असावीत. ते कात्रण मी पुन्हा घडी घालून जिथल्या तिथे ठेवले.

मी प्रथम कायदा वाचावयास घेतला, कारण मला दुसरे काही येत नव्हते. वाचताना प्रथम आठवला तो आमच्याच जुन्या संस्थानातला एक कायदा. 1329 फसली, म्हणजे इसवी सन 1919 च्या सुमारास हैदराबाद संस्थानात हिजड्यांविषयी जो कायदा झाला, त्यात संशयित ठरविलेल्या अशा व्यक्तींची नावे व राहण्याची ठिकाणे यांचे नोंदणीपुस्तक हैदराबाद शहरात, आणि सरकार ठरवील त्या अन्य स्थळी, ठेवण्याची तरतूद होती. स्त्रीवेष करून रस्त्यावर आढळल्यास वॉरंटावाचून अटक करता येत असे. तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला तो 2023 च्या जुलैमध्ये. ज्या फसली सनांशी माझी उभी हयात परिचयाची, त्यांतल्याच एका सनाखाली अशा माणसांची नावे पाळत ठेवण्यासाठी लिहून घेण्याचा हुकूम निघाला होता, हे मला साठी उलटल्यावर कळले. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी दिलेल्या निर्णयात आपले लिंग कोणते हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे असे मानले. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीचा 2019 चा अधिनियम 10 जानेवारी 2020 पासून अमलात आला, आणि त्याने ही ओळख नोंदवून देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आमच्याच खात्याकडे, सोपविले. कलम 6 खाली ओळखीचे प्रमाणपत्र, शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय दाखला जोडल्यास कलम 7 खाली पुरुष वा स्त्री म्हणून सुधारित प्रमाणपत्र, आणि त्याच्या आधारे जन्मदाखल्यासह ओळखीच्या सर्व शासकीय कागदांतील पहिले नाव बदलून घेण्याचा हक्क, अशी ती रचना होती. अर्ज आल्यावर पंधरा दिवसांत संबंधित कचेरीने बदल करावा, असे 2020 चे नियम सांगत होते.

नियम वाचताना वाटली होती तेवढी सुबोध ती वाट प्रत्यक्षात राहिली नाही. प्रतिज्ञापत्राच्या छापील नमुन्यात ‘लिहून देतो/देते’ असे जे असते, त्यातला नको तो शब्द खोडावयाचा असतो; त्याने लेखणी उचलली आणि ‘देते’ ह्या शब्दावर एकच रेघ इतकी सावकाश, इतकी सरळ ओढली, की मुद्रांकविक्रेताही हातातले काम थांबवून पाहत राहिला. शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये जुने आणि नवे नाव शेजारी शेजारी छापून आले. आधारचे बारा अंक तेच राहिले, नाव आणि लिंग बदलले; मग पॅन, मग मतदारयादी, मग शिधापत्रिका. परंतु हे सर्व कागद एकमेकांचा हवाला मागत होते, आणि प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न, बहुधा चढ्या आवाजात, विचारला जाई: पूर्वीचे नाव काय? एका बँकेच्या रांगेत त्याच्या मागे पंधरा माणसे उभी असताना तो प्रश्न तीनदा विचारला गेला, आणि तिसऱ्या वेळी त्याने उत्तर न देता राजपत्राचे पान काचेला लावून धरले. तो ज्या शाळेत शिकला, तेथे तर सांगण्यात आले की, विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमधील नोंदीला हात लावता येत नाही. ह्या नियमाचा हेतू मी जाणतो. जन्मतारखा आणि जाती मागाहून सोयीनुसार बदलून घेणाऱ्यांना आळा घालण्यासाठी तो आहे, आणि मीसुद्धा नोकरीत अशा कित्येक अर्जांवर प्रतिकूल शेरा मारला आहे. परंतु लबाडीसाठी घातलेली कडी सत्य सांगावयास आलेल्या माणसासाठीही तितकीच घट्ट राहावी, आणि संसदेने केलेला अधिनियम समोर ठेवल्यावरही ती उघडावयास पाच महिने लागावेत, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

त्या पाच महिन्यांत माझे मन वारंवार एका गोष्टीकडे जाई. आपल्याकडे लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने नववधूचे नवे नाव लिहीत, पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आले; माझ्या आईचे माहेरचे नाव मला ती वारल्यानंतर मामांच्या तोंडून कळले. त्या बदलाला कोणी पुरावा मागितला नाही, कोणाला तो अनैसर्गिक वाटला नाही, आणि तिला ते हवे होते काय हेही कोणी विचारले नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे 1608 साली सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेल्या नारायणाला आज सारा महाराष्ट्र समर्थ रामदास म्हणून ओळखतो, आणि त्या गावानेच पुढे आपल्या नावाला त्यांची उपाधी जोडून घेतली. मी ज्या गावी नोकरीला लागलो ते औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर आहे. ज्या तलाठ्याच्या चावडीवर आम्ही जात होतो, त्याचे पदनामही ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. नावे बदलतात. बदललेले नाव स्वतः त्या माणसाने मागितलेले असले, म्हणजे मात्र आपण त्याला उंबऱ्यावर अडवितो.

शेवटचा कागद सातबारा होता, आणि तेथे मात्र माझा अनुभव कामी आला. भाऊ वारल्यावर वारसाच्या फेरफारात त्याची नोंद ‘मुलगी’ अशी झाली होती. मोसंबीची बाग असलेली ती पावणेतीन एकर जमीन, तिच्यावर आई आणि दोन अपत्यांची नावे. आता मुलीचा मुलगा झाल्याने हिस्सा वाढतो काय, असे भाऊकीतल्या एकाने चावडीवर जाऊन विचारले. त्याला मी समजावून सांगितले, की महाराष्ट्राने 1994 साली आणि साऱ्या देशाने 2005 साली मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिलेला आहे, तेव्हा येथे एका गुंठ्याचाही फरक पडत नाही. तो ‘बरं’ म्हणून गेला. तरीही गाव नमुना सहामध्ये नोंद धरल्यावर नोटीस निघून हरकतीसाठी जे पंधरा दिवस असतात, ते मी दररोज मोजले. नोकरीत मी असे पंधरा दिवस हजारो लोकांना सांगितले होते. ते किती लांब असतात हे मला ठाऊक नव्हते.

जमिनीच्या बाबतीत आपला महसूल कायदा किती समंजस आहे, हे मला त्या दिवसांत उमगले. शेत विकले, वाटले, वारशाने गेले, तरी प्रत्येक बदलाला एक क्रमांक मिळतो, जुन्या नावाला कंस होतो, नवे नाव त्याखाली येते, आणि पूर्वीच्या नावामुळे ते शेत खोटे ठरत नाही. गट क्रमांक सांगितला, की मागचे सारे त्यामागून येते. रांगेत उभे राहून त्या शेताला आपले पूर्वीचे नाव कोणी ओरडून सांगावयास लावीत नाही. माणसासाठी असे एकच पुस्तक असते, एकदा मंजूर झालेला फेरफार तेथून प्रत्येक कचेरीत आपण होऊन उतरला असता, तर माझ्या पुतण्याची एक उमेदीची पावसाळी सुगी आणि पुष्कळशी झोप वाचली असती. हे अशक्य नाही. जे आपण मुरमाड जमिनीसाठी शतकभर करीत आलो, ते करावयाचे आहे.

हरकत आली नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केल्याचे कळले त्या सायंकाळी नव्या उताऱ्याची नक्कल घेऊन मी भावाच्या घरी गेलो. वहिनींनी चष्मा पुसून ती दिव्याजवळ धरली, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या सावध उच्चारांनी गट क्रमांक वाचला, आकारणी वाचली, स्वतःचे नाव वाचले, थोरल्याचे वाचले, कंसातले नाव आले तिथे क्षणभर बोट ठेवले, आणि मग त्याखालचे वाचले. हे नाव त्यांनी तोवर एकदाही उच्चारले नव्हते. ‘बाळा’वर सारे भागवून नेले होते. पुन्हा एकदा मनाशी वाचून त्यांनी कागद खाली ठेवला, दारात गेल्या, आणि बागेच्या दिशेने त्या नावाने हाक मारली.

रात्रीच्या पाळीची वीज नुकतीच आली होती आणि तो बारे धरीत होता. मोसंबीच्या रांगांमधून पाण्याच्या आवाजावर आवाज काढून त्याने उत्तर दिले, “आलो!”