दादांची ॲटलस

दिवाळीत काष्टीला गेलो तेव्हा पडवीतली दादांची ॲटलस बाहेर काढली. दादा लगेच म्हणाले, "भंगारात घालू नको. मला तिच्यावर शनिवारच्या बाजाराला जायचंय." वय चौऱ्याहत्तर! माझ्या पोटात गोळाच आला.

खर्चाची मर्यादा दोन हजार, तीही आईने घातलेली. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, पण अठ्ठावीस इंची चाकाचं सामान अजून मिळतं. मी पुण्याहून शहाणपण घेऊन गेलेलो, हलक्या ॲल्युमिनियमच्या रिमा टाकू म्हणून. सायकलवाल्याने ब्रेकची दांडी ओढून दाखवली. या ब्रेकचं रबर रिमला बाजूने नाही, आतून, तारांच्या अंगाने दाबतं. "तुमची रिम चालायची नाय." गप्प बसलो. जुन्याच स्टीलच्या रिमांचा आऊट काढला. पैसे टायर-ट्यूब, छर्रे, चेन आणि ब्रेकच्या रबरांवर घातले. ओल्या स्टीलवर ब्रेक नीट लागत नाही, म्हणून पावसात न्यायची नाही हे दादांकडून कबूल करून घेतलं. (पाळतील असं नाही.)

कॅरियर दुधाच्या किटल्यांनी वाकलेलं. नवं घेऊ म्हटलं, तर दादा नुसते बघत राहिले. वाकडंच ठेवलं.

शनिवारी ते निघाले. मागे मी मोटारसायकलवर, बऱ्याच अंतराने, दिसणार नाही असा. वळणावर त्यांनी मागे न बघताच हात केला... जा पुढे.