शेवटचा दाणा

अनुकरण हा शब्द कलेच्या दरबारात नेहमीच मान खाली घालून उभा असतो. मूळ कृतीला सिंहासन मिळते. तिच्यासारखी दिसणारी दुसरी उंबरठ्यापाशीच थांबते. खेळांच्या दुनियेतही रीत हीच. १९८० साली जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी रचलेला ‘पॅक-मॅन’ जगभर पोहोचला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत, दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायच्या ‘ओडिसी-२’ या यंत्रासाठी एड ॲव्हरेट यांनी ‘के. सी. मंचकिन’ लिहिला. तो आज बहुतेकांच्या ऐकिवातही नाही. ज्यांच्या घरी लहानपणी ‘अटारी’ऐवजी ते यंत्र होते, त्यांच्या मनात मात्र तो अजूनही घर करून आहे.

साम्य लपण्यासारखे नव्हते. तोच भूलभुलैया, तोच दाणे गिळत फिरणारा गोल जीव, तीच मागे लागणारी भुते आणि शक्तीचा दाणा मिळताच उलटणारा तोच पाठलाग. पण पॅक-मॅनच्या वाटेवरचे दोनशेहून अधिक ठिपके निमूटपणे जागच्या जागी वाट पाहत असतात. मंचकिनच्या वाट्याला दाणे अवघे बारा, आणि तेही चालते-फिरते! एकेक दाणा कमी होई, तसतसा उरलेल्यांचा वेग वाढे. शेवटचा दाणा तर मंचकिनच्याच वेगाने पळे. मागून धावणाऱ्याच्या हाती तो कधीच लागत नसे. त्याची वाट आधी ओळखून त्याला आडवे जावे लागे. भूक आणि अन्न यांचे नाते या एका युक्तीने पार पालटून गेले होते. शिवाय, हालचाल थांबली की दोन शिंगांचा तो चिमुकला जीव खेळणाऱ्याकडे तोंड वळवून हसे. संकटात सापडलेल्या मुलाला ते हसू केवढा धीर देत असेल!

‘अटारी’कडे पॅक-मॅनच्या घरगुती आवृत्तीचे हक्क होते. प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने विक्रीला मनाई करण्यास नकार दिला. परंतु मार्च १९८२ मध्ये शिकागोच्या संघीय अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. भूलभुलैया आणि ठिपके ही खेळाची सामान्य सामग्री, तिच्यावर कोणा एकाची मालकी नाही, हे त्या न्यायालयाला मान्य होते. पण गिळणारा जीव आणि भुते यांचे रूप मात्र उचललेले आहे, असे त्याने ठरवले. पळणारे दाणे आणि ते हसू यांचीही निकालपत्रात नोंद झाली; एकूण ठसा पुसण्यास ते फरक पुरेसे ठरले नाहीत. खेळ दुकानांतून उठला.

त्या निकालाला अन्याय म्हणता येणार नाही. इवातानींच्या कल्पनेचे मोल चुकते व्हायलाच हवे होते. तरीही काही हरवलेच. न्यायाच्या तराजूत रूप तोलले जाते; खेळणाऱ्याचा जीव जडतो तो चालीवर. आणि ती चाल ॲव्हरेट यांची स्वतःची होती. मुलांना तर हा वादच ठाऊक नसतो. त्यांच्या लेखी जो आधी घरात आला, तोच मूळ.

त्या यंत्राला अक्षरांची पाटी होती. तिच्या साहाय्याने मुलांना आपला भूलभुलैया स्वतः आखता येई. कुठे भिंत घालायची, कुठे वाट बंद करायची, हे ठरवण्यात कितीतरी दुपारी सरत. पॅक-मॅनने हे स्वातंत्र्य दिले नव्हते. मात्र यंत्राला स्मृती नव्हती. ते बंद होताच सारी आखणी पुसली जाई. दुसऱ्या दिवशी तीच वाट पुन्हा आखताना एखादी भिंत हटकून वेगळ्या जागी पडे. ते कोणाचे अनुकरण, हे तेव्हा कोणी विचारले नाही.