साभार पोच

परीक्षणासाठी आलेल्या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर बहुधा एक जांभळा शिक्का असतो : 'अभिप्रायार्थ'. आत टाचणीने अडकवलेले प्रकाशकाचे पत्र असते. पुस्तकाचे नाव, पृष्ठे, किंमत, आणि आपल्या अंकात परीक्षण यावे ही विनंती, एवढाच त्यातला मजकूर. नियतकालिकांच्या कचेरीत अशा दोन प्रती मागवण्याचा प्रघात आहे. एक परीक्षकाकडे जाते, दुसरी दप्तरी राहते. परीक्षक एकटाच, स्वतःच्या नावावर लिहीत असला तर त्याच्याकडे एकच प्रत येते. ती त्याने विकत घेतलेली नसते आणि निखळ भेट म्हणूनही आलेली नसते. तिच्याबरोबर कुणाची तरी अपेक्षा घरात येते.

खटकचिंचोळी हे कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातले, भालकी तालुक्यातले गाव. तिथे बसून मराठी पुस्तकांवर लिहिणाऱ्याकडे ही प्रत टपालानेच यायची. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत छापील पुस्तकांची सवलतीची सेवा एकाएकी थांबवली. पाच किलोपर्यंतचा पुस्तकांचा गठ्ठा ८० रुपयांत देशात कुठेही जात होता, तो मार्ग बंद झाला. पुढे १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये आहे. मधल्या महिन्यांत छोट्या प्रकाशकांना हात आखडता घ्यावा लागला, आणि अशा वेळी पहिली कात्री लागते ती अभिप्रायार्थ प्रतींना, त्यातही लांबच्या गावी जाणाऱ्या प्रतींना. पुण्यातल्या परीक्षकाकडे माणूस पाठवता येतो. सीमेपलीकडच्या गावाला मोबाइलवर पीडीएफ येते.

या भागाला ही तूट नवी नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची फाळणी झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, कल्याण (आजचे बसवकल्याण) आणि खुद्द बीदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. लातूर रोडकडे जाणारा लोहमार्ग भालकीवरून उदगीरला जातच राहिला, माणसांची येजा आणि सोयरिकीही चालू राहिल्या. मराठी पुस्तकांचे मात्र हक्काचे घर गेले. ग्रंथालयांची अनुदाने, शाळांची खरेदी, पुरस्कार, ग्रंथमहोत्सव हे सारे बहुतांशी राज्याच्या हद्दीपाशी थांबते. प्रकाशकाच्या हिशेबात हा प्रदेश ना महाराष्ट्र, ना परदेश.

अशा गावातल्या वाचकाला नवे पुस्तक प्रथम भेटे ते मासिकाच्या मागच्या पानांवर, 'साभार पोच' या मथळ्याखाली. जे पुस्तक कचेरीत आले पण ज्यावर लिहिणे झाले नाही, त्याची ती यादी. बारीक टाइप, एकाखाली एक ओळी : पुस्तक, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, मूल्य. कुणी ती वाचत नाही असे शहरातले संपादक मानत. खेड्यातला विद्यार्थी ती आधी वाचायचा. पेन्सिलीने खुणा करायचा, किमतींची बेरीज करून त्यातल्या बऱ्याच खुणा पुसायचा, आणि उरलेल्या एकदोन पुस्तकांसाठी 'व्हीपीने, म्हणजे पुस्तक हाती आल्यावर पैसे द्यायच्या टपालाने, पाठवा' असे कार्ड प्रकाशकाला टाकायचा. मोठमोठ्या टीकाकारांचे त्याच अंकातले लेख तो विसरला, पण न वाचलेल्या पुस्तकांची नावे, त्यांच्या किमतींसकट, त्याच्या डोक्यात राहिली. असा वाचक पुढे परीक्षक होतो तेव्हा त्याला पहिली गोष्ट ठाऊक असते ती ही की नुसती नोंदसुद्धा कुणाच्या तरी उपयोगी पडते.

म्हणून पोच देणे हे त्याचे बंधन. परीक्षण लिहिणे हे बंधन नाही. सारा व्यवहार या भेदावर उभा आहे. चोख परीक्षक आलेल्या प्रतीची वहीत नोंद करतो : तारीख, पुस्तक, कुणी पाठवले, मागून आले की न मागता. लगेच दोन ओळी लिहून टाकतो : पुस्तक मिळाले, वाचेन, लिहिण्याचे वचन देत नाही. पूर्वी त्यासाठी पंधरा पैशांचे कार्ड पुरे, आता व्हॉट्सॲपचा निरोप. तो निरोप न गेल्याने जितके लेखक दुखावतात तितके कडक परीक्षणानेही दुखावत नाहीत. पहिलाच कवितासंग्रह काढणारा बहुधा छपाईचा खर्च स्वतः सोसतो. कुठल्या तरी शाळेवरचा मास्तर असतो, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढलेले असतात, आणि प्रतींचे गठ्ठे खाटेखाली असतात. त्याचे पार्सल पोचले की नाही एवढे कळवायलाही ज्याला सवड नाही, त्याने परीक्षणाचा धंदा करू नये.

हैदराबादला आबिड्समध्ये रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. अशा बाजारात 'अभिप्रायार्थ' शिक्क्याची पुस्तके सापडतात. कधी प्रकाशकाचे पत्र अजून आत असते. टाचणी गंजून तिचा तांबूस ठसा शीर्षकपानावर, त्याखालच्या पानावर, त्याच्याही खालच्या पानावर उमटलेला असतो, आणि पाने मात्र कोरी करकरीत. पुस्तक कचेरीत आले, कपाटात बसले, रद्दीत गेले आणि मधल्या काळात कुणी ते उघडले नाही, याचा त्याहून स्पष्ट पुरावा नसतो. अशा एखाद्या प्रतीवरून कुणी परीक्षण लिहिले असेल तर ते मलपृष्ठ वाचून लिहिलेले होते, हेही तो ठसा सांगतो.

आलेले सगळे वाचून होत नाही, हे खरेच. निवड करावी लागते. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये पुस्तक परीक्षकाच्या जिण्यावर एक निबंध लिहिला. बहुसंख्य पुस्तकांना बगल द्यावी, मोजक्या महत्त्वाच्या पुस्तकांवर हजार शब्दांच्या खाली न येता लिहावे, आणि येऊ घातलेल्या पुस्तकांची एखाददुसऱ्या ओळीची नोंदही उपयोगाची असते, असे त्याचे म्हणणे. मराठी मासिके साधारण असेच करत होती. निवडीची कसोटी प्रत्येकाची वेगळी. ज्या विषयात गती नाही त्या विषयाचे पुस्तक नम्रपणे परत करणे किंवा जाणकाराकडे सोपवणे ही त्यातली सर्वांत सोपी. अवघड असते ते ओळखीच्यांचे पुस्तक. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. भालकीच्या माणसाला ते अंगणातच. अशा मांडवात 'सस्नेह भेट' लिहून पुस्तक हातात ठेवले जाते आणि 'दादा, चार ओळी लिहा की' अशी गळ तिथल्या तिथे पडते. सीमाभागात लिहिणारे मोजके. सगळे एकमेकांच्या लग्नाकार्याला जाणारे. संबंध असेल तर तो परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात सांगावा किंवा पुस्तक दुसऱ्याकडे द्यावे. तिसरी वाट, म्हणजे गोड लिहून मोकळे होणे, सगळ्यात जास्त चालते आणि तिच्यामुळेच वाचकांचा परीक्षणांवरचा विश्वास उडाला.

त्याहून वाईट एक प्रथा रुजते आहे. पुस्तकाबरोबर तयार परीक्षणच येते. 'आपल्याला वेळ नसेल म्हणून मजकूर जोडला आहे, फक्त आपले नाव घालावे.' मजकूर शुद्ध असतो, त्यात पुस्तकाची जिथे तिथे स्तुती असते, आणि तोच मजकूर दोन ठिकाणी दोन नावांनी छापून आलेलाही पाहायला मिळतो.

बीदरच्या माणसाला यावरून महमूद गावान आठवावा. बहमनी राज्याच्या या वजिराने बीदरला मदरसा बांधला. तो १४७२ मध्ये पुरा झाला, आणि त्याच्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. हेरातच्या जामी या फारसी कवीशी त्याचा पत्रव्यवहार होता. फिरिश्त्याच्या इतिहासात त्याच्या अंताची हकीकत आहे. विरोधकांनी त्याची मोहोर सांभाळणाऱ्या माणसाला फितवून कोऱ्या कागदावर ती उमटवून घेतली, आणि वर ओडिशाच्या राजाला उद्देशून फितुरीचे पत्र लिहिले. सुलतान मुहम्मदशाहने मोहोर ओळखली, अधिक चौकशी केली नाही, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी वजिराचे शिर उतरवले. त्याची मोहोर निदान चोरून उमटवली गेली होती. तयार मजकुराखाली नाव देणारा परीक्षक आपली मोहोर स्वतःच्या हाताने देतो. ज्या वर्तमानपत्रात असा मजकूर एकदा छापला जातो, तिथले पुढचे प्रामाणिक परीक्षणही संशयाने वाचले जाते.

प्रतिकूल मत झाले तर काय करावे, यावर मराठीत एकमत कधीच नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांच्या लेखनावर झोड उठवली. भाषेच्या, व्याकरणाच्या चुका वेचून दाखवल्या आणि त्यांतला आशय झटकून टाकला. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले होते. कमिटीने ते नाकारले आणि ते छापले गेले १९७९ मध्ये, 'पुरोगामी सत्यशोधक'च्या अंकात. चिपळूणकरांची टीका निदान छापील होती. वाचकापुढे पुस्तकही होते आणि आक्षेपही, आणि वाचकाने पुढे फुल्यांच्या 'गुलामगिरी'च्या बाजूने कौल दिला. मिटल्या तोंडाने नाकारलेल्या नाटकाला तो कौल मागायलाच सव्वाशे वर्षे लागली. म्हणून नामवंताच्या फसलेल्या पुस्तकावर स्पष्ट लिहावे. नवख्याच्या कच्च्या पुस्तकावर जाहीर लिहिण्याऐवजी त्याला खासगी पत्र पाठवावे, त्यात दोन जमलेल्या कविता आणि दोन न जमलेल्या, पानांसकट. असे पत्र परीक्षणाहून अधिक वेळ खाते आणि छापून येत नाही. ते लिहिणारे परीक्षक आहेत, म्हणून खेड्यापाड्यांतून दुसरा संग्रह पहिल्यापेक्षा बरा निघतो.

काही नियम साधे आहेत. लिहिलेले परीक्षण छापण्यापूर्वी लेखकाला दाखवू नये. तारखेचा शब्द देऊ नये. पैसे घेऊ नयेत. प्रत फुकट आली असेल तर तसे नमूद करावे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये आणि भारतात जाहिरातक्षेत्राच्या मानक परिषदेने जून २०२१ पासून समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना फुकट मिळालेल्या वस्तूचा उल्लेख करायला सांगितले. मराठी मासिके परीक्षणाच्या डोक्यावर पृष्ठे आणि किंमत छापतात. तिथेच 'अभिप्रायार्थ प्रत' हे दोन शब्द घालायला जागा लागत नाही.

उरते प्रत. ती विकू नये, कारण पाठवणाऱ्याने ती विकण्यासाठी पाठवलेली नसते. घरात साठवणेही फार काळ चालत नाही. भालकी-औरादच्या मराठी शाळांत पाठ्यपुस्तकापलीकडचे मराठी पुस्तक मिळवणे कष्टाचे आहे, आणि कोणत्याही सरकारी खरेदीने न आणलेली पुस्तके परीक्षकाच्या घरून तिथे जाऊ शकतात. पीडीएफ आली तर हे शक्य होत नाही. त्यामुळे या भागातल्या परीक्षकाने प्रकाशकाला सुरुवातीलाच एक अट घालावी : परीक्षण होवो न होवो, वाचून झालेली प्रत शाळेला जाईल, तेव्हा छापील पाठवा, ज्ञान पोस्टाने पाठवली तरी चालेल, उशीर चालेल. ही अट मान्य करणारे प्रकाशक पुष्कळ निघतात. त्यांना फक्त आपला पत्ता पिनकोडसह आणि देवनागरीबरोबर कन्नड लिपीतही लिहून द्यावा लागतो, म्हणजे पार्सल वाटेत अडकत नाही.