तंजावरची लेक, बडोद्याची महाराणी

बडोदे शहरात फिरताना ‘चिमणाबाई’ हे नाव पुन्हा पुन्हा समोर येते. रावपुऱ्यातील घड्याळाच्या टॉवरला ते नाव आहे, न्यायमंदिराच्या भव्य इमारतीशी ते जोडलेले आहे आणि स्त्रियांच्या उद्योगालयालाही तेच नाव आहे. बहुतेक प्रवासी या सगळ्या ठिकाणी एकच महाराणी असल्याचे गृहीत धरतात. प्रत्यक्षात तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या दोन्ही महाराण्यांचे सासरचे नाव चिमणाबाईच होते.

दुसऱ्या चिमणाबाईंना दीर्घायुष्य लाभले. स्त्रीशिक्षणाच्या कार्यामुळे त्यांचे नाव देशभर पोहोचले. पहिल्या चिमणाबाई म्हणजे तंजावरच्या लक्ष्मीबाई. बडोद्यात त्या जेमतेम सव्वापाच वर्षे नांदल्या. पण एवढ्या थोड्या काळात त्यांच्या पावलांनी जे बडोद्यात आले, ते आजही शोधणाऱ्याला सापडते.

बाराव्या वर्षी राजा

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. गायकवाडांच्याच कुळातील, पण शेतीवर गुजराण करणाऱ्या शाखेत ते वाढले. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. त्यांनी गोपाळची निवड केली. त्याच वर्षी हा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला.

त्याचे शिक्षण एलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाती सोपवले गेले. १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले, तेव्हा हा बालराजाही तेथे हजर होता. राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. त्यांचा जन्म कुंभकोणमचा आणि घराणे तंजावरच्या मराठी मंडळींपैकी. महाराजांची सोयरीक तंजावरला जुळली, तेव्हा राज्याची सूत्रे याच माधवरावांच्या हाती होती.

राज्य गेलेले माहेर

तंजावर म्हणजे मराठ्यांच्या सत्तेचे दक्षिणेकडील टोक. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली. पुढे सरफोजी राजांनी सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट केली आणि बृहदीश्वराच्या मंदिरात आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. सरफोजी आणि त्यांच्या मुलाच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्याला जी घडण दिली, तिच्यावरच आजच्या भरतनाट्यमची उभारणी झाली आहे.

१८५५ मध्ये अखेरचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने तंजावरचे राज्य संपुष्टात आणले. त्याआधी सातारा, नागपूर आणि झाशी अशीच गेली होती. तंजावरला राजवाडा उरला, ग्रंथ उरले, नर्तकी आणि वादक उरले. पण त्यांना पोसणारी सत्ता उरली नाही. राजघराण्याशी नातेसंबंध असलेल्या मोहिते घराण्यात १८६४ मध्ये लक्ष्मीबाईंचा जन्म झाला, तेव्हा राज्य जाऊन नऊ वर्षे लोटली होती.

६ जानेवारी १८८०

या दिवशी बडोद्यात सयाजीराव आणि लक्ष्मीबाई यांचा विवाह झाला. वर सोळा वर्षांचा आणि वधू साधारण त्याच वयाची. मराठा घराण्यांच्या रीतीप्रमाणे वधूचे नाव बदलले आणि लक्ष्मीबाईंच्या चिमणाबाई झाल्या.

दोन्ही कुळांना या लग्नाची गरज होती. बडोद्याकडे राज्य होते, पैसा होता, पण गादीवर बसलेला मुलगा दत्तक आलेला आणि साध्या घरातला. त्याच्याशेजारी जुन्या, मानाच्या घराण्यातील वधू शोभून दिसणार होती. तंजावरकडे मान होता, विद्या होती, कला होती. पण लेकीबाळींना देण्यासाठी राज्य असलेली मराठा घराणी मोजकीच उरली होती. रस्त्याने आजही दीड हजार किलोमीटरांहून अधिक भरेल एवढे अंतर ओलांडून ही सोयरीक झाली.

मुलीच्या दृष्टीने पाहिले, तर हा बदल केवढा होता! तंजावरच्या घरांत मराठी बोलली जाई, पण तिला तमीळचे वळण लागलेले. बडोद्याच्या राजवाड्यात देशावरची मराठी, बाहेर बाजारात गुजराती. जेवणखाण वेगळे, हवा वेगळी, नावसुद्धा नवे. माहेरी मनात आले की जाता येईल, असे ते अंतर नव्हते.

आंदण म्हणून आलेले नृत्य

मुलीच्या पाठवणीबरोबर दागिने आणि दासदासी पाठवण्याची राजघराण्यांची चाल होती. तंजावरहून या लग्नाच्या निमित्ताने नर्तकी, त्यांचे गुरू आणि वादकही बडोद्यास आले. त्या काळी नर्तकी हीसुद्धा आंदणात द्यायची गोष्ट मानली जाई. त्यांना कोणी इच्छा विचारली असेल, असे वाटत नाही. तंजावरहून बडोद्याच्या दरबारात आलेल्या नर्तकींपैकी गौरा आणि कांतिमती यांची नावे आजही घेतली जातात.

बडोदे संस्थानात गवई, वादक आणि नर्तकी यांच्यासाठी कलावंत खाते होते. तंजावरच्या कलावंतांनाही तेथे आश्रय मिळाला. दक्षिणेतील हे नृत्य गुजरातच्या भूमीवर दरबारात नियमाने होऊ लागले आणि महाराणींच्या मृत्यूनंतरही पुढे चालू राहिले.

१८८६ मध्ये सयाजीरावांनी मौलाबक्ष या थोर गायकाच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली. त्याच शाळेचे पुढे संगीत महाविद्यालय झाले. सूरसागर तलावाजवळची त्याची इमारत प्रवाशांनी अवश्य पाहावी. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली. तेथे नृत्याचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा शिकवण्यासाठी कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांना बोलावण्यात आले. आंदणात आलेल्या आईचा मुलगा विद्यापीठात गुरू झाला! आज बडोद्यातील मुली पदवीसाठी भरतनाट्यम शिकतात, त्यामागे हा इतिहास आहे.

नाव लाभलेला, न लाभलेला महाल

बडोद्याला येणारा प्रत्येक जण लक्ष्मीविलास राजवाडा पाहतोच. मेजर चार्ल्स मँट यांनी त्याचा आराखडा केला. १८८१ मध्ये मँट वारले आणि मद्रासकडे नावाजलेले वास्तुकार रॉबर्ट चिझम यांनी काम पुरे केले. दरबार हॉलची मोझेकची जमीन, रंगीत काचांच्या खिडक्या आणि कोरीव सज्जे पाहताना वेळ कसा जातो ते कळत नाही. राजा रविवर्माही १८८१-८२ मध्ये बडोद्याला आले होते. राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे.

राजवाड्याचे नाव लक्ष्मीबाईंवरून ठेवले, असे बडोद्यात सांगतात. सासरी गेल्यावर पुसले गेलेले माहेरचे नाव असे दगडात राहिले. पण राजवाडा पुरा झाला १८९० मध्ये आणि चिमणाबाईंचा मृत्यू झाला ७ मे १८८५ रोजी. ज्या महालाला त्यांचे नाव, त्यात त्या कधी राहिल्याच नाहीत. मृत्यूसमयी त्या अवघ्या विशी-एकविशीत होत्या. बाजूबाई आणि पुतळाबाई या त्यांच्या दोन्ही मुली बालपणीच गेल्या. मागे राहिले फत्तेसिंहराव, वय पावणेदोन वर्षे.

फत्तेसिंहरावांनाही आयुष्य थोडेच मिळाले. १९०८ मध्ये पंचविसाव्या वर्षी ते वारले, पण त्याच वर्षी त्यांना पुत्र झाला होता. हे प्रतापसिंहराव १९३९ मध्ये आजोबांच्या गादीवर बसले. ज्या विद्यापीठात कुबेरनाथ शिकवू लागले, ते स्थापन झाले या प्रतापसिंहरावांच्या पुढाकाराने. म्हणजे तंजावरच्या नृत्याला विद्यापीठाचे दार उघडले, ते तंजावरच्या लेकीच्या नातवाने.

दुसऱ्या चिमणाबाई

डिसेंबर १८८५ मध्ये सयाजीरावांचा दुसरा विवाह देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी झाला. त्यांचेही नाव चिमणाबाई ठेवण्यात आले. त्यांनी पडदा सोडला, स्त्रियांच्या स्थितीवर ग्रंथ लिहिण्यात भाग घेतला आणि १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. स्त्री उद्योगालयाचे नाव त्यांचे आहे. त्यांच्या कन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरची ठरलेली सोयरीक नाकारून १९१३ मध्ये लंडनमध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह केला. १८८० मध्ये वडीलधाऱ्यांनी ठरवलेले लग्न आणि ३३ वर्षांनी मुलीने स्वतः ठरवलेले लग्न, एकाच घराण्यातले!

काय पाहाल?

पहिल्या चिमणाबाईंची बडोद्यातील ओळख करून घ्यायला एक दिवस पुरतो. सकाळी लक्ष्मीविलास राजवाडा आणि संग्रहालय पाहावे. नंतर रावपुऱ्यातील चिमणाबाई टॉवर. हा टॉवर १८९६ चा, महाराणींच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला. त्याच वर्षीचे न्यायमंदिर जवळच आहे. त्याच्या मध्यवर्ती दालनासाठी फेलिची या इटालियन शिल्पकाराने महाराणींचा संगमरवरी पुतळा घडवला होता. अनेक वर्षे या इमारतीत न्यायालय भरत असे. २०१८ मध्ये ते नव्या इमारतीत गेले. संध्याकाळी सूरसागर तलावाच्या काठी, संगीत महाविद्यालयाच्या परिसरात फेरी मारावी.

मुंबईहून बडोदे रेल्वेने सुमारे ४०० किलोमीटर आहे आणि दिवसभर भरपूर गाड्या आहेत. लग्न झाले तो जानेवारी महिना प्रवासालाही उत्तम. राजवाडा आणि संग्रहालय यांच्या वेळा व सुट्टीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्यावा. पुढे कधी दक्षिणेकडे जाणे झाले, तर तंजावरचा राजवाडा, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेखही पाहावा. लक्ष्मीबाईंचे माहेर पाहिल्यावर त्यांनी बडोद्याला काय आणले, ते अधिक चांगले उमगते.